आठ पानांची अंदमान सहल

तुमच्या मुलीच्या जिवलग मैत्रिणीच्या घरी तुम्ही कधी जेवला आहात का? चहा म्हणत नाही मी. वाढदिवसाचा केक, कागदी ताटलीतले वेफर्स, तेही नाही. त्यांच्या घरातल्या ताटात, त्यांच्या माणसांच्या शेजारी बसून, पुन्हा एकदा भात मागून घेऊन केलेलं जेवण म्हणते. नीट आठवून पाहा. मी आठवलं तेव्हा लक्षात आलं की खालच्या मजल्यावर मी जवळजवळ रोज चहा प्याले होते आणि एकदाही जेवले नव्हते.

हे लक्षात यायला मला अंदमानची सहल लागली. त्या सहलीला आम्ही गेलो नाही.

वर्धा रोडच्या बाजूच्या एका फ्लॅट स्कीममध्ये आम्ही वर्षभरापूर्वी राहायला गेलो. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. आमच्या खाली बँकेत नोकरी करणारी एक बाई राहायची. तिला मी वहिनी म्हणायचे. तिच्या घरी तिचा नवरा, सासू आणि माझ्या मुलीच्याच वर्गातली तिची मुलगी. दोन्ही पोरी जिन्यातच राहायच्या म्हटलं तरी चालेल. एकीची चप्पल दुसरीच्या पायात, एकीची सर्दी दुसरीच्या नाकात.

जुलैमध्ये शाळेत मुलांना समुद्राचं चित्र काढायला सांगितलं. या दोघींनी अंबाझरी तलाव काढला, कठड्यासकट, कठड्यावर भुट्टेवालाही. वहिनी ते चित्र घेऊन हसत वर आली.

"पाह्यलं का वं? यायनं समुद्रच पाह्यला नाही कधी. दिवाळीत अंदमानले जाऊ ना सगळे!"

स्कीममधली आणखी दोन घरं तयार झाली. चार घरं, सात मुलं, सगळी आठ वर्षांच्या आतली. फोनवर गट झाला, 'अंदमान गँग'. आणि आखणीचं काम माझ्याकडे आलं. "तूच कर वं, तुले लिहायची सवय आहे," वहिनी म्हणाली.

सवय होती हे खरं. माझे बाबा गांधीबागेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसा कापडवाल्यांची बिलबुकं आणि लग्नपत्रिका जुळवायचे, आणि काम उरकल्यावर मालकाला विचारून उरल्यासुरल्या कागदावर आमच्या चळवळीची पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. दसऱ्याच्या आधी बाकीची पोरं फटाक्यांचे बेत करायची, आम्ही भावंडं रांगेने बसून पुस्तिकांना घड्या घालायचो. मग दीक्षाभूमीवर चादर अंथरून त्या विकायला बसायचो. लांबून आलेली माणसं पुस्तिका हातात घ्यायची, आधी कपाळाला लावायची आणि मग उघडायची. आमच्या घरात सहल नव्हती. सभा होती, मोर्चा होता, स्टॉल होता. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा, आणि पायात मुलाखतीचे बूट होते म्हणून पाण्यात उतरले नाही. माझ्या मुलांनी समुद्र बुटांच्या आधी पाहावा, एवढीच माझी जिद्द होती.

म्हणून मी ती आखणी जीव लावून केली. लहान मुलांना घेऊन बेटावर जायचं म्हणजे निम्मं काम त्यांच्या झोपेचं असतं. अंदमानात सूर्य फार लवकर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो, घड्याळ मात्र आपलंच. नागपुरात पोरं बागेत जायला निघतात त्या वेळी तिथे अंधार. म्हणून मी सगळा दिवस दोन तास अलीकडे ओढला. सरळ विमान नव्हतं, मधे बदलायचं होतं, तर त्या विमानतळावर सात मुलांना कशात गुंतवायचं तेही लिहिलं. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी बोट सकाळचीच घ्यायची, म्हणजे पोरं कमी ओकतील. उलटीचं औषध बोटीच्या आधी अर्धा तास, त्यावर पोहे नाहीत, कोरडी पोळी. ओहोटीच्या वेळा शोधून काढल्या, कारण ओहोटीलाच किनाऱ्याजवळचं प्रवाळ घोट्याएवढ्या पाण्यात दिसतं. दुपारी एक ते तीन झोप, त्या वेळात कोणी कितीही सुंदर काही दाखवायला नेत असलं तरी जायचं नाही. चौथ्या दिवशी, तळाला काच असलेली बोट. माझ्या मुलाचं पॉटी सीट कोणाच्या बॅगेत मावेल हेसुद्धा ठरलं होतं. खोल्या वाटल्या तेव्हा दोन्ही पोरींनी आधीच सांगून ठेवलं होतं, आम्ही आजीच्या खोलीत. आजी म्हणजे वहिनीची सासू. मी तसंच लिहिलं.

बाबांना हे सगळं फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

"फोनवरचं कोणी वाचत नाही, बाई. हे छापून देतो मी. पोरायच्या हातात पुस्तक पाहिजे."

ते निवृत्त झाले असले तरी छापखान्याच्या मालकाचा मुलगा त्यांना कॉम्प्युटरवर बसू देतो. आठवड्याभरात आठ पानांची पुस्तिका तयार झाली. फिकट निळं कव्हर, त्यावर होडीचं चित्र, मधोमध दोन पिना. प्रत्येक दिवसाच्या खाली चार रिकाम्या ओळी, वर लिहिलेलं, 'आज मी काय पाहिलं'. त्या ओळी बाबांच्या डोक्यातून आल्या होत्या. प्रूफ मी तीनदा वाचलं.

पहिल्या पानावर वर, मधोमध, बारीक टायपात 'जय भीम' होतं. ते मला दिसलं नाही.

खोटं वाटेल, पण तसंच आहे. आमच्या घरून निघालेल्या प्रत्येक कागदावर ते असतं. पत्रकावर, लग्नपत्रिकेवर, माझ्या मुलांच्या नामकरणाच्या निमंत्रणावर. बाबा किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी ते लिहितात आणि मग तूरडाळ. मी तिन्ही वेळा 'स्नॉर्केलिंग'चा रफार तपासला आणि त्या दोन शब्दांवरून माझी नजर कागदाच्या समासावरून जावी तशी गेली.

आणखी एक गोष्ट इथेच कबूल करते. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्या आडनावाची माणसं सगळ्या जातींत सापडतात. मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण ती तर वहिनीकडेही होती, शोकेसमध्ये मनी प्लांटच्या शेजारी. दुसरी तसबीर, जी बाबांच्या घरी दारातून शिरताच दिसते, ती मी आतल्या खोलीत लावली होती. हॉलमधली एक भिंत टीव्हीची होती, एक खिडकीची. भिंतींकडे कारणं भरपूर होती. पत्रकांवर वाढलेल्या बाईने ती ऐकून घेतली.

रविवारी सकाळी मी आणि मुलगी घरोघर पुस्तिका वाटायला निघालो. मुलीने त्या छातीशी धरल्या होत्या. वहिनीने दार उघडलं आणि ओरडलीच.

"अवं, अंदमान तर छापूनच आणलं हिने! आई, पाहा ना!"

त्यांच्या घरी रीत आहे. चांगल्या कामाचा कोणताही कागद, पत्रिका असो की नव्या गाडीची पावती, आधी देवापुढे जातो. वहिनीने एक पुस्तिका पोरीच्या हातात दिली आणि दुसरी माझ्यासमोर देवघरात ठेवली. "संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी आई कुंकू लावतीन," ती म्हणाली. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते आता लिहायला लाज वाटते.

पुढच्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून तिकिटं काढायची होती. पुस्तिका वाटेपर्यंत 'अंदमान गँग'मध्ये सकाळ-संध्याकाळ टोप्यांचे, पोहायच्या ट्यूबचे, गॉगल लावलेल्या पोरांचे फोटो यायचे. सोमवारी काही आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी एका घराने लिहिलं, सुट्टी मंजूर झाली नाही. गुरुवारी दुसऱ्या घराने लिहिलं, मुलाचा कान दुखतोय, डॉक्टर विमान नको म्हणतात. शुक्रवारी वहिनी जिन्यात भेटली.

"आईचे गुडघे लई दुखून राहिले वं. या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी पक्कं."

मी विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, गुडघ्यांसाठी सीताबर्डीतल्या एका चांगल्या डॉक्टरचा पत्ता आणून दिला. गटात लिहिलं, 'काही हरकत नाही, तब्येती आधी.' नवऱ्याने रजेचा अर्ज मागे घेतला. मुलीला सांगितलं, आजीचे पाय बरे झाले की जाऊ. तिने दोन दिवस देवाला... आमच्या घरी देव नाही, पण ती मैत्रिणीकडून शिकली होती, तिने दोन दिवस हात जोडून आजीच्या पायांसाठी मागणं मागितलं.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी वहिनीची मुलगी वर आली. मी भाजी निवडत होते. दोघी माझ्यासमोरच बोलत होत्या.

"तुझं अंदमानचं पुस्तक दे ना."

"काहून? तुझं कुठे गेलं?"

"आजीने फाडलं. माझंही फाडलं, देवाजवळचंही फाडलं. आईजवळ फोटो आहे फोनमध्ये, पण एक पान राहिलं काढायचं. काचेची बोट कोणत्या दिवशी आहे? बाबा म्हणते तिसऱ्या, आई म्हणते चौथ्या. मी म्हटलं थांबा, मी पाहून येते."

माझ्या मुलीने आनंदाने पान काढलं. "चौथ्या! पाह, इथं लिहिलं आहे. मंग आपण जाऊन राहिलो?"

"आम्ही जाऊन राहिलो. तुम्ही नाही."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. शाळेची बस आज उशिरा येणार, असं सांगावं तसं तिने सांगितलं आणि उड्या मारत जिना उतरली.

मी हात न धुताच खाली गेले. वहिनीने दार उघडलं, माझं तोंड पाहिलं आणि बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं. आत टीव्ही चालू होता.

"आजींचे गुडघे बरे झाले का?" मी विचारलं.

"रागावू नको वं. मले काही वाटत नाही. खरंच सांगते. आमच्या बँकेतली मॅडम तर तुमच्यातलीच आहे, मी रोज तिच्याजवळ बसते."

"आमच्यातली म्हणजे?"

"आता तूच समजून घे ना."

"तुम्हाला पुस्तिका पाहून कळलं?"

"छे! पहिल्या महिन्यातच माहीत होतं आम्हाले. वॉचमननं सांगितलं होतं. आईलेही माहीत होतं."

हे मला अपेक्षित नव्हतं. "मग?"

"मग काय? माहीत असणं वेगळं, अन् छापून देवघरात येणं वेगळं. आई कुंकवाचं बोट टेकवायले वाकली अन् तिनं वाचलं. तू लिहून काहून दिलं वं? तेवढं नसतं तर कोणी काही बोललंच नसतं. पोरी एका खोलीत झोपल्या असत्या. आईनं डोळ्यांवर कातडं ओढलं असतं, तिले येते ते. पण आता छापलेलं पाह्यल्यावर ती म्हणते, मी यायच्यासोबत एका खोलीत कशी राहू, एका पंगतीत कशी जेवू."

"आणि बाकीची दोन घरं?"

"त्यायनं काही विचारलं नाही. आजी नाही म्हणते म्हटल्यावर म्हणे, जाऊ द्या, वेगळा गट करू."

"आणि माझं वेळापत्रक?"

ती माझ्याकडे खरोखर आश्चर्याने पाहत होती. "चांगलं होतं ना वं ते. तसं दुसरं कोण बनवून देणार होतं आम्हाले?"

त्या वाक्यात टोमणा नव्हता. ती माझं कौतुक करत होती.

मला प्रत्येक प्रसंगाचं भाषण येतं. कॉलेजात मी माईकशिवाय चौक गोळा केला आहे. त्या जिन्यात माझ्या तोंडून काय निघालं ते सांगते. मी म्हटलं, "ओहोटीची वेळ रोज बदलते. तारखा बदलल्या असतील तर पुन्हा बघून घ्या." आणि वर आले. एवढ्या वर्षांची पत्रकं, आणि ऐन वेळी ओहोटी.

त्या रविवारी बाबा आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलीची पुस्तिका मागून घेतली आणि पहिलं पान उघडलं. ज्यांनी पोलीस दारात असतानाही पत्रकावरचा एक शब्द कधी गाळला नाही, ते माझे बाबा हळू आवाजात म्हणाले, "दुसरी काढू का? वरचं तेवढं न टाकता. चूक झाली म्हणू. पोरीसाठी."

मी लगेच नाही म्हटलं नाही. हे लिहून ठेवते आहे, कारण उद्या मी मोठ्या आवाजात दुसरंच सांगेन. मी बाल्कनीत बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि एक श्वासभर खरोखर हिशेब केला, की आठ पानं पुन्हा छापायला किती वेळ लागेल. मग म्हटलं, "नाही बाबा."

"मी फक्त विचारलं," ते म्हणाले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी मला सातव्या पानावर दोनदा छापला गेलेला 'किनारा' दाखवला. एकावर काट मारली. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं.

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. आपण चौघंच जाऊ." मुलीने एकच विचारलं, "ती आपल्यासोबत येईन का?" नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग नको. आणि विचारलं, काहून नाही.

मला वाटलं, मुलांशी खोटं बोलायचं नाही हे तरी पाळावं. मी तिला खाली बसवून सांगितलं. आपण बौद्ध आहोत. आजींना वाटतं की आपल्यासोबत एका खोलीत राहू नये, एका पंगतीत जेवू नये. त्यांचं चुकतं आहे, तुझं काही चुकलेलं नाही. मी बोलत होते आणि ती गंभीरपणे मान हलवत होती. मला वाटलं, समजलं तिला.

ती उठून उभी राहिली. "एवढंच ना? मंग मी येगळी जेवीन ना, आई. माझा डबा नेईन. अन् खाली झोपीन. खोलीच्या भायेर झोपीन. मले चालते. तू आजीले सांग ना, मले चालते."

माझ्या पणजोबांना गावच्या पंगतीत अंगणाबाहेर बसवायचे. आपलं पान आपण न्यायचं, वाढणारा वरून टाकणार. ती जागा सोडण्यासाठी माझ्या आजोबांनी छप्पन साली पांढरे कपडे घालून, याच शहरात, जन्माचा धर्म सोडला. बाबांनी सगळी हयात पत्रकं जुळवली. आणि माझ्या मुलीने, कोणी न शिकवता, ती जागा स्वतःहून मागून घेतली. मैत्रिणीसाठी. हसत.

मी तिला नाही म्हटलं. कसं म्हटलं ते आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं, कारण धाकटा घाबरून रडायला लागला. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या लेखी समुद्र मी अडवला होता. तिचं काय चुकलं? तिने तोडगा काढला होता आणि मी तो मोडला होता.

दिवाळीनंतर एका पहाटे तीन घरांच्या बॅगा जिन्यावरून घसटत खाली गेल्या. माझी मुलगी बाल्कनीत उभी होती. खालून मैत्रिणीने कमरेला अडकवलेली, फुगवलेली ट्यूब हलवून दाखवली. हिने हात हलवला. पाचव्या दिवशी वहिनीच्या स्टेटसवर फोटो आला. घोट्याएवढं पाणी, त्यात वाकून पाहणारी पाच मुलं, ऊन कोवळं. ओहोटीची वेळ बरोबर साधली होती.

हे वाचणाऱ्यांत त्या आजींसारखे थोडे असतील. त्यांच्याशी मला आज बोलायचं नाही. 'मला स्वतःला काही वाटत नाही' म्हणणारे पुष्कळ असतील, आणि सहल त्यांनी मोडली. आजीने कागद फाडले. दुखरा कान, नामंजूर रजा, सुजलेले गुडघे, गुपचूप केलेला नवा गट, हे सगळं ज्यांना काही वाटत नाही त्यांनी केलं, आणि अगदी सभ्यपणे केलं. एकानेही 'मग आम्हीही येत नाही' म्हटलं असतं तर माझ्या मुलीला तो तोडगा सुचायची वेळ आली नसती.

म्हणून विनंती तुम्हाला आहे. सुट्टीचे बेत तुमच्याही फोनवर चालू असतील. त्यातून एखादं घर गळलं असेल आणि ते का गळलं हे तुम्हाला मनातून माहीत असेल, तर आज, तिकिटं निघायच्या आधी, त्या गटात लिहा: ते येत नसतील तर आमचीही तिकिटं काढू नका. एकच ओळ. पाठवून झाली की तुमच्या मुलाला जवळ बसवा, ती त्याला वाचून दाखवा, आणि तुम्ही तसं काहून लिहिलं ते त्याला सांगा.